इंदूरच्या काकांना दाखवलेलं ठाणं

गुरुवार

इंदूरहून येणारी अवंतिका एक्स्प्रेस पहाटेच बोरिवलीला लागते. तिथून ठाण्याला यायचं तर घोडबंदर रस्ता, आणि इतक्या लवकर तो मोकळा मिळतो. मावशी आणि काकांना गाडीत बसवलं, थर्मासमधला चहा हातात दिला आणि निघालो. काका पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. जुनं बांधकाम दिसलं की त्यांचा हात आधी भिंतीवर जातो, मग नजर. शिवाय पक्के इंदुरी, त्यामुळे खाण्याची पारख आहे आणि ती बोलून दाखवायला ते मागेपुढे बघत नाहीत. मुंबई त्यांनी पुष्कळदा पाहिलेली, पण ठाणं म्हणजे त्यांच्या लेखी मुंबईच्या वाटेवरचं एक मोठं स्टेशन. म्हणून या खेपेला मी आधीच सांगून ठेवलं होतं की मुंबईला जायचं नाही. बघायचं, फिरायचं, खायचं ते सगळं ठाण्यात आणि ठाण्याच्या खाडीकाठी.

घोडबंदरचा किल्ला वाटेतच आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला, फार मोठा नाही. पण तटावर उभं राहिलं की समोर उल्हास नदी खाडी होऊन वसईकडे जाताना दिसते आणि हा किल्ला इथेच का, हे वेगळं सांगावं लागत नाही. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं. काकांनी नेहमीप्रमाणे दगडावर हात फिरवला, चुन्याचा दर्जा बघितला आणि विचारलं, "हा मराठ्यांनी कधी घेतला?"

1737 साली चिमाजी आप्पांनी साष्टीची मोहीम काढली, तेव्हा. मार्चमध्ये ठाणं पडलं, घोडबंदरही आलं. वसईचा किल्ला मात्र दोन वर्षं दाद देईना. तेव्हा मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे आपापल्या फौजा घेऊन वेढ्यात सामील झाले आणि मे 1739 मध्ये वसई हाती आली. होळकरांचं नाव निघाल्यावर काका एकदम सावरून उभे राहिले. इंदूरच्या राजवाड्यासमोरून आयुष्यभर ये-जा केलेला माणूस. ज्यांचं नाव रोज वाचलं ते सुभेदार मल्हारराव याच खाडीच्या मुखाशी तोफांच्या माऱ्यात उभे होते, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. खाली उतरताना ते कुठल्या तारखेला काय घडलं हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि मला बरं वाटलं. जागा बघणाऱ्याच्या आपल्या गावाशी जोडली गेली, की ती लक्षात राहते.

घरी पोचल्यावर पोहे. आमच्याकडचे कांदेपोहे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. काकांनी पिशवीतून जीरावन मसाल्याची पुडी काढली आणि न विचारता भुरभुरवली. इंदुरी माणसाला पोह्यावर जीरावन आणि शेव लागतेच, शेजारी जलेबी असली तर सोन्याहून पिवळं. ओल्या खोबऱ्यावर जीरावन बरं लागतं, हे मी पहिल्यांदाच चाखलं.

दुपार झोपेत गेली. संध्याकाळी तलावपाळी.

ज्याला कागदोपत्री मासुंदा तलाव म्हणतात त्याला आम्ही ठाणेकर तलावपाळीच म्हणतो. संध्याकाळी सहानंतर अर्धं ठाणं तिथे असतं. होड्या, भेळेच्या गाड्या, कठड्यावर बसलेली कॉलेजची मुलं, फेऱ्या मारणारे आजी-आजोबा, एका बाजूला गडकरी रंगायतन. नाटकाला आलेली माणसं तिसऱ्या घंटेपर्यंत तलावाकाठी रेंगाळतात. तलाव पूर्वी आजच्यापेक्षा बराच मोठा होता आणि कौपिनेश्वराचं देऊळ त्याच्या काठालाच होतं. आता मधे रस्ता आहे, बाजार आहे, आणि देवळाच्या दारात उभं राहून तलाव दिसत नाही.

कौपिनेश्वर हे ठाण्याचं ग्रामदैवत. आत्ताचं देऊळ 1760 मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं, म्हणजे पेशवाईतलं. आतली पिंड मात्र त्याहून फार जुन्या काळाची मानतात. चार फुटांहून उंच आणि घेर दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा. पहिल्यांदा येणारा माणूस गाभाऱ्याच्या दारात क्षणभर थबकतोच. सवयीनं आपण पिंडीकडे खाली वाकून बघतो, इथे नजर सरळ समोर जाते. मावशीनं बेल वाहिला आणि किती तरी वेळ हात जोडून उभी राहिली. आवारात इतर देवळंही आहेत, त्यात ब्रह्मदेवाचंही आहे, आणि ब्रह्मदेवाची देवळं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. शिलाहारांच्या काळात या गावात किती देवळं असतील याचा अंदाज इथल्या तळ्यांतून निघालेल्या जुन्या मूर्तींवरून येतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी, ताम्रपटांत तिचं नाव श्रीस्थानक. साडेचारशे वर्षं त्यांचा अंमल होता.

बाहेर पडलं की जांभळी नाक्याचा बाजार. गर्दीत चालायची सवय नसेल तर इथे दमछाक होते, पण जानेवारीत इथली भाजी बघायलाच जावं. वालाच्या शेंगांचे ढीग, ओला हरभरा, कोवळी वांगी, वसईकडची वेलची केळी. मावशीनं कडवे वाल निवडून घेतले आणि घरी आल्या आल्या भिजत घातले. बिरड्याचा बेत शनिवारचा. एक दिवस भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे.

रात्री जेवायची कुणाला इच्छा नव्हती, म्हणून नौपाड्यातल्या विष्णुनगरात गजाननचा वडापाव. मुंबईत वडापावाबरोबर सुकी लसणाची चटणी मिळते, ती सगळीकडे. गजाननकडे बेसनाची पातळसर पिवळी चटणी देतात, आणि लोक ती पुन्हा पुन्हा मागून घेतात. काकांनी पहिला वडापाव चटणी न लावता खाल्ला, दुसरा चटणीत बुडवून, आणि जाहीर केलं की खरा पदार्थ चटणी आहे, वडा तिच्या सोबतीला. मला हे मान्य नाही. वडा गरम असेल तर वडाच खरा.

शुक्रवार

हा दिवस मी जुन्या ठाण्यासाठी राखून ठेवला होता. स्टेशन, टेंभी नाका, कोर्ट नाका, चरई, तलावपाळी, हे सगळं पायी होण्यासारखं आहे. लोक ठाण्यात मॉलला येतात, येऊरला जातात, आणि हा एवढासा टापू रिक्षातून ओलांडून जातात. याचं मला खरोखर वाईट वाटतं. हजार वर्षांत इथून जो जो गेला, त्यानं काही ना काही मागे ठेवलंय आणि ते सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे.

सुरुवात मामलेदार मिसळीनं. मामलेदार कचेरीजवळची म्हणून मामलेदार मिसळ. शुक्रवारी सकाळी तिथे काळे कोट घातलेले वकील, तारखेला आलेले पक्षकार, सात-बारा काढायला आलेले गावकरी आणि आमच्यासारखे हौशी, सगळे एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसतात. तिखट, मध्यम की कमी, एवढंच विचारतात. काकांना वाटलं, माळव्यात आपण मिरची खातोच, म्हणून ते तिखट म्हणाले. वाटी आली. वर फरसाण, कच्चा कांदा, खाली लालभडक कट, त्यावर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला काही होत नाही. तिसऱ्या घासाला कानशिलं तापतात, पाचव्याला कपाळावर घाम. काकांनी वाटी संपवली, पावानं पुसून संपवली, मग दोन ग्लास ताक प्यायले आणि म्हणाले, "शेव आमची चांगली, कट तुमचा." इंदूरच्या माणसाकडून याहून मोठी पावती मिळणं कठीण.

तिथून टेंभी नाका. इथलं जैन मंदिर मुनिसुव्रत स्वामींचं आहे आणि ते श्रीपाळ राजाच्या कथेशी जोडलेलं आहे. म्हणूनच जैन भाविक त्याला, गुजरातेतल्या शत्रुंजय तीर्थावरून, कोकणचं शत्रुंजय मानतात. काकांना त्यात रस वाटेल असं मला वाटलं होतं, कारण श्रीपाळाची राणी मयणासुंदरी ही उज्जैनच्या राजाची मुलगी. कुष्ठरोगानं पीडलेल्या श्रीपाळाशी बापानं तिचं लग्न लावून दिलं, तिनं नवपदाची आराधना केली आणि तो बरा झाला. पुढे तो समुद्रावर व्यापाराला गेला. बरोबरच्या धवलशेठानं त्याला लोभापायी पाण्यात ढकललं, आणि तो वाहत वाहत लागला तो ठाण्याच्या किनाऱ्याला. मंदिरात ही सगळी कथा चित्रांतून आणि शिल्पांतून क्रमानं मांडली आहे. काका प्रत्येक प्रसंगासमोर थांबले. कथा कथेच्या जागी, पण ती रचणाऱ्यांना उज्जैन आणि ठाणं ही एकाच प्रवासाची दोन टोकं वाटत होती. व्यापारी मार्ग असल्याशिवाय असं सुचत नाही.

त्याच टेंभी नाक्यावर बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे, शाआर हशमाइम, 1879 सालचं. शुक्रवार असल्यामुळे संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाची, तयारी चालली असावी, आम्ही बाहेरूनच पाहिलं. हा समाज मूळचा कुलाब्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा. तेलाच्या घाण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावावरून, शेवटी 'कर' जोडून. घरातली बोली मराठी, सणाला पुरणपोळी. पुष्कळ जण इस्रायलला गेले तरी ठाण्यात आजही घरं आहेत. चरईत आईच्या शेजारी एक बेने इस्रायली मावशी राहायच्या, त्यांच्याकडून आईनं मलिदा शिकून घेतला होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. प्रेषित एलियाहू हनाबींच्या नावानं मानलेला नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या आधी हा ताटात मांडून प्रार्थना करतात. मी हे सांगत असताना काका म्हणाले, "पोहे? प्रसादात पोहे?" पुढचा अर्धा रस्ता ते फक्त पोह्यांबद्दल बोलत होते.

तलावाच्या बाजूला आल्यावर सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च. पोर्तुगीज काळापासूनचं, पांढरंशुभ्र, आतून शांत. पण ठाण्यात ख्रिस्ती मिशनरी पोर्तुगीजांच्या किती तरी आधी आले होते. 1321 मध्ये फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू चीनला जायला निघालेले असताना इथे उतरले आणि इथल्या तेव्हाच्या अंमलदाराच्या हुकमानं मारले गेले. नंतर ओदोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी इथे आला, त्यानं त्यांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि थेट चीनपर्यंत नेल्या. ठाण्याहून चीन, चौदाव्या शतकात. मार्को पोलोच्या वर्णनातही ठाण्याच्या राज्याचा उल्लेख आहे, कातडं आणि सुती कापड इथून जात असे. आज ज्या खाडीवरचा पूल आम्ही नाकाला रुमाल लावून ओलांडतो, त्या खाडीत तेव्हा परदेशी गलबतं लागत होती.

मग कोर्ट नाक्यावरून सेंट्रल मैदानाकडे, तुरुंगाजवळ. ठाण्याचा किल्ला आता मध्यवर्ती कारागृह आहे. आत जाता येत नाही, जायची इच्छाही नसावी, पण बाहेरून तट दिसतो. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आत मराठ्यांनी घेतला. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून जिंकला. पुढे 1787 मध्ये इथे पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, 1017 सालचा. म्हणजे किल्ल्याच्याही खाली राजधानी.

या तटाची सगळ्यात रंगतदार गोष्ट त्रिंबकजी डेंगळ्यांची. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून दुसऱ्या बाजीरावाच्या या कारभाऱ्याला इंग्रजांनी ठाण्यात कोंडलं. पहारा मुद्दाम गोऱ्या सोल्जरांचा ठेवला, म्हणजे फितुरी नको. एक मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करायला यायचा आणि काम करता करता गाणी म्हणायचा. सुटकेची सगळी मसलत त्या गाण्यांत होती. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं, त्यांच्या कानावर नुसती चाल पडत होती. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी निसटले. इंग्रज धर्मगुरू बिशप हेबरनं आपल्या प्रवासवृत्तात ही हकिकत लिहून ठेवली आहे. मावशीनं ती दोनदा सांगायला लावली, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ती स्वतःच कुठली ओवी बसवता आली असती याचा विचार करत होती.

याच तुरुंगात 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाचा खटला. कान्हेरे अठरा-एकोणीस वर्षांचे होते, त्या काळी इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाचं वय. आम्ही तिघंही तिथे काही बोललो नाही.

दुपारी मावशीच्या आग्रहावरून मराठी ग्रंथसंग्रहालय. 1 जून 1893 ला वि. ल. भाव्यांनी सुरू केलेलं. मावशी इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेची जुनी सभासद, तिला इथली जुनी मासिकं बघायची होती. काका खुर्चीत डुलक्या घेत होते आणि आम्ही दोघी पिवळी पडलेली पानं उलटत होतो. मराठी पुस्तकांसाठी म्हणून सव्वाशे वर्षांपूर्वी एका गावानं स्वतंत्र संस्था काढावी, हे मला आजही मोठं वाटतं.

घरी येताना प्रशांत कॉर्नरला थांबलो. मिठाया घेतल्या आणि काकांनी परतीसाठी आणखी बांधून घेतल्या. इंदूरला ठाण्याची मिठाई न्यायची म्हणजे धाडसच.

शनिवार

अंबरनाथ. ज्यानं ते पाहिलं नाही त्यानं ठाणं जिल्हा पाहिला नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

ठाण्याहून सकाळी उलट्या दिशेनं जाणारी लोकल पकडली की बसायला जागा मिळते. गाडीत मी काकांना सांगितलं की देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती. 34 किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. 57 मिनिटं लागली. पुढे खाडीवर पूल बांधून 1854 मध्ये गाडी कल्याणला नेली. कळव्याच्या अलीकडे खाडी ओलांडताना काका दाराशी जाऊन उभे राहिले. पारसिकचा डोंगर आला. त्याच्या पोटातला बोगदा 1916 पासून वापरात आहे, सव्वा किलोमीटरहून लांब. आमची धीमी लोकल मात्र डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून गेली, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला खाडी.

स्टेशनच्या पूर्वेला रिक्षा केली. वाटेत नेहमीचं शहर, दुकानं, इमारती. मग एका वळणावर वालधुनी नदीच्या काठाला देऊळ समोर येतं. काळा दगड, वरपासून खालपर्यंत कोरलेला. काका रिक्षातून उतरले आणि पैसे द्यायचेही विसरून पुढे गेले.

शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजा छित्तराजाच्या वेळी काम सुरू झालं आणि त्याचा धाकटा भाऊ मुम्मुणी याच्या काळात पूर्ण झालं असं मानतात. शैली भूमिज. शिखरावर खालून वर लहान लहान शिखरांच्या माळा लावत नेलेल्या असतात, ती. आणि ही शैली माळव्यात, परमारांच्या राज्यात बहरली. काकांनी विदिशेजवळच्या उदयपूरचं उदयेश्वर पाहिलेलं, नेमावरचं सिद्धेश्वर तर कित्येकदा. अंबरनाथच्या पश्चिमेच्या बाजूला उभं राहून ते वर बघत राहिले आणि म्हणाले, "हे आमच्याकडचं आहे गं." मग दुरुस्ती केली, "आमच्याकडच्यासारखं आहे."

दोन्ही खरंच आहे. माळव्याच्या परमार राजा भोजाच्या 1020 सालच्या ताम्रपटात कोकणविजयाच्या पर्वानिमित्त दान दिल्याची नोंद आहे. माळव्याचं सैन्य कोकणात आलं होतं, तेही आदल्या दिवशी तुरुंगापाशी ज्याची गोष्ट निघाली त्या अरिकेसरीच्या ताम्रपटानंतर अवघ्या तीन वर्षांनी. त्यानंतर चाळीस वर्षांत माळव्यातल्या शैलीचं देऊळ अंबरनाथला उभं राहिलं. सैन्य गेलं, पण घडवण्याची रीत इथे राहिली. उदयादित्यानं बांधलेलं उदयेश्वर तर अंबरनाथनंतर पुरं झालं. काकांना हा कालक्रम कळल्यावर त्यांनी वहीत लिहून घेतला.

त्यांचा इंजिनिअरचा डोळा इथे खरा कामाला आला. दगडांच्या सांध्यात चुना नाही, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. खाच आणि वजन, एवढ्यावर दगड एकमेकांना धरून आहेत. भिंत सरळ न नेता कोन काढत काढत का फिरवली, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोनावर सावली कशी पडते आणि कोरीवकाम कसं उठून दिसतं, हे त्यांनी समजावलं. मी इथे अनेकदा आले आहे, पण देऊळ असं वाचलं नव्हतं. एका सुरसुंदरीच्या पैंजणाजवळ पाऊण बोटभर जागेत मण्यांची ओळ आहे, प्रत्येक मणी वेगळा मोकळा कोरलेला. कातळ बेसॉल्ट आहे, हाताला लोखंडासारखा. त्यात हे.

सभामंडपातले खांब बघून गाभाऱ्यात गेलो. वीसेक पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. आत गारवा, ओलसर वास, पायाखाली निसरडं, पिंड लहानशी, आणि शिखराचा माथा नसल्यामुळे वरून उजेड येतो. मावशीला गुडघ्यांचा त्रास, पण ती उतरली. पुजाऱ्यांनी हात दिला. वर आल्यावर ती बराच वेळ नंदीपाशी बसली होती.

वालधुनीचं पाणी मात्र बघवत नाही. हजार वर्षांच्या देवळाच्या पायाशी नदीची अशी गत व्हावी, याचा मला दर वेळी संताप येतो. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, नदीला कोण आहे?

घरी आलो ते भुकेनं कासावीस होऊन. वालांना छान मोड आले होते. बिरडं सोलायचं काम तिघांनी मिळून केलं. कोमट पाण्यात वाल टाकायचे, अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबायचं, की साल हातात राहते आणि पांढरी डाळिंबी टुणकन परातीत पडते. जोर जास्त झाला तर ती थेट भिंतीवर. मग आलं-लसूण, हळद, तिखट, गूळ, आमसूल, आणि शेवटी नारळाचं दूध. आमच्या सीकेपी घरांत याच्याशिवाय पंगत पुरी होत नाही. काकांसाठी नुसतं बिरडं आणि भात, मावशीसाठी आणि माझ्यासाठी शेजारी सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी. मावशीनं खिचडीचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सोडे इंदूरला मिळत नाहीत असं नाही, पण जे मिळतात त्यांना खाडीचा वास नसतो, असं तिचं म्हणणं.

रविवार

परतीची गाडी संध्याकाळची, बोरिवलीहूनच. त्याआधी खाडी.

ऐरोलीला दिवागावाजवळ वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करूनच जावं. कांदळवनातून बोट बाहेर पडली आणि थोड्याच वेळात समोर पाण्यावर गुलाबी पट्टा दिसायला लागला. जवळ गेल्यावर एकेक पक्षी वेगळा झाला. रोहित म्हणतात त्यांना. चोच उलटी करून चिखलातलं शेवाळ गाळून खातात, त्या शेवाळातूनच त्यांना रंग येतो. ठाणे खाडीचा हा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. काठाला टोलेजंग इमारती, वरून पुलावरची वाहतूक, आणि मधे हजारो पक्षी आपापल्या खाण्यात गर्क. ही खाडी भराव टाकून अरुंद करायची हाव आपण सोडली पाहिजे. ज्या पाण्यानं या गावाला राजधानी केलं, त्याचं देणं आपल्यावर आहे.

जेवायला बेलापूरजवळ दिवाळे गावात, माझ्या कोळी मैत्रिणीच्या घरी. जाताना बेलापूरच्या किल्ल्याचा बुरूज गाडीतूनच दाखवला, उतरायला वेळ नव्हता. मैत्रिणीची आई परातीत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. पाण्याचा हात लावत लावत पीठ फिरवायचं, भाकरी ताटाएवढी आणि कडेपर्यंत सारखी पातळ. तव्यावर टाकली की क्षणात टम्म. जिताड्याचं आंबट कालवण, तळलेले बोंबील आणि निवट्यांचं सुकं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासळी, बाजारात ती क्वचित दिसते, खाडीकाठच्या घरांतच खायला मिळते. काकांसाठी त्यांनी आठवणीनं वेगळ्या भांड्यात वालाच्या शेंगा, वांगी आणि बटाट्याची भाजी केली होती, तांदळाची भाकरी आणि ठेचा. काकांनी भाकऱ्या मोजायच्या नाहीत असं सांगून टाकलं.

"आजी, तुम्ही इंदूरला या, मी तुम्हाला सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला घालतो," ते मैत्रिणीच्या आईला म्हणाले.

"येईन की. पण मासली नाय मिलत ना तुमच्याकरं?" आजींनी विचारलं, आणि मावशीच्या ताटात आणखी एक बोंबील ठेवला.

निघताना मावशीला सुके बोंबील आणि सोडे बांधून मिळाले, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वर वर्तमानपत्र, कारण गाडीच्या डब्यातल्या बाकीच्या लोकांचाही विचार करायला हवा. बोरिवलीच्या वाटेवर काकांनी वही काढली आणि राहिलेलं लिहून घेतलं. बेलापूरचा किल्ला, येऊर, कल्याणचा दुर्गाडी, कुंजविहारचा मोठा वडापाव. सगळ्यांच्या वर वसई, दोन रेघा ओढून. वसई बघायची तर पावसाळा सरल्यावर या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, किल्ल्यातलं गवतही तेव्हा हिरवं असतं, असं मी म्हटलं. काका म्हणाले की मल्हारराव मे महिन्यात होते, तर तेही मे महिन्यातच येणार, आणि गाडी सुटायच्या आत त्यांनी मोबाइलवर आरक्षण कधी उघडतं ते बघून ठेवलं.